धागा: डिफ्रॅग करूनही जागची न हलणारी फाइल – सी ड्राइव्ह लहान करता येत नाही, मदत हवी

प्राजक्त_वाई
नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि संगणक कक्षही माझ्याकडेच आहे. दहा जुने डेस्कटॉप आहेत. ड्युअल कोअर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज ७. त्या विंडोजचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, म्हणून मुलांसाठी प्रत्येक मशीनवर शेजारी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच दुसरी, फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायचं ठरवलं आहे. विंडोज मात्र ठेवावंच लागेल, कारण निकालपत्रकाचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर आहे आणि त्याची सीडी आता शाळेत कुणालाच सापडत नाही.

अडचण अशी. सी हा एकच ड्राइव्ह आहे, ४६५ जीबीचा. त्यात जेमतेम १४० जीबी भरलेले आहेत, म्हणजे सव्वातीनशे जीबी मोकळे. लिनक्सला मला ६० जीबी पुरे. पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन श्रिंक व्हॉल्यूम (ड्राइव्ह लहान करा) म्हटलं की फक्त ६,९२१ एमबी देऊ म्हणतो. तीन वेळा डिफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं) केलं, एकदा रात्रभर चालू ठेवून. अहवालात शून्य टक्के तुकडे दाखवतो आणि श्रिंकचा आकडा एका एमबीनेही वाढत नाही. बाहेरचं एक फुकट डिफ्रॅग सॉफ्टवेअर टाकून नकाशा पाहिला, तर अगदी शेवटाकडे आणि मध्यावर काही राखाडी चौकोन दिसतात. त्यांवर ‘न हलणारी’ असं लिहिलंय. कोणती फाइल ते सांगत नाही.

या फाइलींचं काय करायचं? फॉरमॅट हा पर्याय माझ्याकडे नाही.

सुतारपक्षी
ताई, आधी दोन गोष्टी सांगा. हे विंडोज ७ कोऱ्या डिस्कवर टाकलं होतं की आधी एक्सपी होतं? आणि खोलीत यूपीएस आहे का? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

प्राजक्त_वाई
आधी एक्सपी होतं. फॉरमॅट न करता त्यावरच ७ टाकलेलं दिसतं, कारण सी मध्ये विंडोज.ओल्ड नावाचं फोल्डर अजून आहे. यूपीएस एक आहे, दोन मशीनना पुरतो. आमच्याकडे दुपारी वीज जाते.

सुतारपक्षी
मग घाई नको, पण काम होणारं आहे. सविस्तर लिहितो.

डिफ्रॅग आणि श्रिंक या दोन वेगळ्या मागण्या आहेत. एका फाइलीचे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे सलग लावणं हे डिफ्रॅगचं काम. ती फाइल डिस्कच्या सुरुवातीला आहे की शेवटाला, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. त्यामुळे तुमचा शून्य टक्के अहवाल खरा आहे आणि तरी श्रिंक होत नाही हेही खरं आहे. श्रिंकला ड्राइव्हचं शेपूट कापायचं असतं, आणि त्या शेपटात एक जरी न हलणारी फाइल बसली असेल तर तो तिथेच थांबतो. फाइल किती मोठी यापेक्षा ती कुठे बसली आहे हे इथे महत्त्वाचं. शेताची वाटणी करताना विहीर पार दुसऱ्या टोकाला निघाली की मधलं सगळं रान मोकळं असूनही रेघ मारता येत नाही, तसं झालंय तुमचं.

आणखी एक. श्रिंक म्हटल्यावर साध्या फाइली विंडोज स्वतःच उचलून पुढे आणतं, त्यासाठी आधी वेगळं डिफ्रॅग करण्याची गरज नसते. तेव्हा चौथ्यांदा रात्र घालवू नका.

आता फाइलीचं नाव काढू. पुन्हा एकदा श्रिंक म्हणा, आकडा येऊ द्या, मग रद्द करा. नंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. तिथे २५९ क्रमांकाची नोंद शोधा, स्रोत डिफ्रॅग असेल. ‘शेवटची न हलणारी फाइल ही दिसते’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आणि पुढे फाइलीचं नाव असेल. खाली शेवटच्या क्लस्टरचा (डिस्कवरच्या जागेच्या लहानात लहान हिश्शाचा) आकडाही असतो. दोन्ही इथे लिहा.

मोगरा७
मी या क्षेत्रातली नाही, पण वाचते आहे. एखादी फाइल हलत नाही म्हणजे नेमकं काय? डिस्कवर सगळे शेवटी आकडेच ना, मग एक उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे.

सुतारपक्षी
मोगराताई, प्रश्न बरोबर आहे. उचलून ठेवायला कुणाची तरी परवानगी लागते. एनटीएफएसमध्ये (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) डिफ्रॅग करणारा प्रोग्राम स्वतः डिस्कवर लिहीत नाही. ‘या फाइलीचे हे क्लस्टर तिकडे ने’ अशी विनंती तो विंडोजला करतो आणि हलवाहलव विंडोज करतं. म्हणूनच चालू मशीनवर, उघड्या फाइलींसकट डिफ्रॅग सुरक्षितपणे होतं, मध्ये वीज गेली तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण काही फाइली अशा असतात की खुद्द विंडोजनेच त्यांची जागा लक्षात ठेवून तिथे थेट लिहायचं ठरवलेलं असतं. तिथे विनंती नाकारली जाते. बाहेरचं कुठलंही सॉफ्टवेअर आणा, तेही त्याच खिडकीत अर्ज करतं, त्यामुळे उत्तरही तेच मिळतं. विंडोज सुरू होण्याआधी, बूटच्या वेळी चालणारी काही साधनं होती ती याचसाठी. एक्सपीच्या काळात सिसइंटर्नल्सचं (विंडोजसाठीच्या छोट्या साधनांचा संच) पेजडिफ्रॅग पेजफाइल आणि रजिस्ट्रीच्या फाइली तशा वेळी सलग करायचं.

प्राजक्त_वाई
सापडली! नाव आहे हायबरफिल.सिस. शेवटचा क्लस्टर ७२सी०००० असा काहीतरी आहे. मधला ‘सी’ म्हणजे काय?

सुतारपक्षी
तो सोळाच्या पायावरचा आकडा आहे, तुम्हाला गणितात सांगायला नको. दहाच्या पायावर १२,०३,२४,०९६ होतात. तुमचा क्लस्टर ४ केबीचा असणार, म्हणजे ४५९ जीबीच्या खुणेवर ही फाइल संपते. ड्राइव्ह ४६५च्या थोडा पुढे संपतो. उरले साडेसहा-पावणेसात जीबी. तेच तुमचे ६,९२१ एमबी.

प्राजक्त_वाई
अगदी तंतोतंत जुळलं. हे उद्या नववीच्या वर्गात सांगणार आहे. पायाबदल कशाला शिकायचा असं मुलं नेहमी विचारतात.

गोठणे_काका
हे वाचून जुने दिवस आठवले. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ आलं, त्यात डिफ्रॅग हा प्रोग्राम होता. नॉर्टनच्या स्पीड डिस्कवरून घेतलेला. निळ्या पडद्यावर चौकोन सरकत असायचे आणि काही ठिकाणी ठळक ‘एक्स’ असायचा, म्हणजे न हलणारी जागा. तेव्हा मी ठाण्याला एका कारखान्याच्या हिशेबखात्यात होतो. लपवलेल्या आणि सिस्टीम अशी खूण असलेल्या फाइलींना तो प्रोग्राम हात लावायचा नाही. कारण त्या काळात काही सॉफ्टवेअरची चोरीविरोधी कुलपं डिस्कवरच्या ठरावीक जागेवर अवलंबून असत. फाइल हलली की सॉफ्टवेअर म्हणणार, मी मूळ प्रत नाही.

म्हणून सांगतो प्राजक्त, तुझं ते निकालपत्रकाचं सॉफ्टवेअर किती जुनं आहे आणि कसं बांधलंय कुणाला माहीत. काहीही करण्याआधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा काढून ठेव. क्लोनझिला फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, बाहेरची एक डिस्क लागेल. फक्त फाइली कॉपी करून भागणार नाही, सगळं पार्टिशन जसंच्या तसं हवं.

प्राजक्त_वाई
काका, करते. निकालपत्रक एकाच मशीनवर आहे, तिची प्रतिमा आधी काढते.

कृष्णाकाठ_स्टुडिओ
धाग्यात घुसतोय, पण विषय जवळचा आहे. माझा सांगलीत फोटो-व्हिडिओ स्टुडिओ. १ टीबीची ५,४०० आरपीएमची डिस्क आहे, त्यावर लग्नाची शूटिंग. मला श्रिंक वगैरे नको, पण काही फाइली डिफ्रॅगलाच दाद देत नाहीत. ४८ जीबीची एक फाइल चाळीस हजार तुकड्यांत आहे, तेवढी सोडून बाकी सगळं नीट होतं. तीच फाइल टाइमलाइनवर टाकली की एडिटिंग अडकत अडकत चालतं. डिस्कवर ३५ जीबी मोकळे आहेत. ज्यांच्याकडून डिस्क घेतली ते म्हणतात डिस्कच खराब आहे, नवी घ्या.

सुतारपक्षी
नवी घेण्याआधी थांबा. ४८ जीबीची फाइल सलग ठेवायची तर ४८ जीबी सलग मोकळी जागा लागते. तुमच्याकडे एकूणच ३५ आहेत, तेही विखुरलेले असणार. प्रोग्राम हरला नाही, त्याला फाइल ठेवायला जागाच नाही. एक्सपीचं डिफ्रॅग तर १५ टक्के मोकळी जागा नसेल तर आधीच कुरकुर करायचं, तुमच्याकडे चार टक्केही नाही.

अडकण्याचा हिशेबही बघा. ५,४०० आरपीएम म्हणजे एका फेरीला ११.१ मिलिसेकंद, सरासरी अर्धी फेरी वाट पाहायची म्हणजे ५.६. हेड (डिस्कवरून वाचणारी सुई) हलायला साधारण १२ धरा. एका तुकड्यामागे सुमारे १७ मिलिसेकंद. गुणिले ४०,०००, म्हणजे ६८० सेकंद. एक फाइल सलग वाचताना अकरा मिनिटं नुसती हेड धावण्यात जातात.

पण चाळीस हजार हा आकडा मला पटत नाही. जागा कमी पडली म्हणून इतके तुकडे होत नाहीत. ती फाइल एक्सप्लोररमध्ये निळ्या अक्षरांत दिसते का?

कृष्णाकाठ_स्टुडिओ
हो! त्या फोल्डरमधलं सगळंच निळं दिसतं. मला वाटायचं नवीन फाइल म्हणून.

सुतारपक्षी
मग मूळ सापडलं. निळी अक्षरं म्हणजे एनटीएफएसचं कॉम्प्रेशन चालू आहे. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जागा वाचवण्यासाठी कॉम्प्रेस करा अशी एक टिकची चौकट असते, कधीतरी कुणी ती लावली. कॉम्प्रेशन १६-१६ क्लस्टरच्या गठ्ठ्यांत होतं, ४ केबीच्या क्लस्टरवर म्हणजे ६४ केबीचा एकेक गठ्ठा. त्यामुळे अशा फाइलीचे तुकडे भराभर वाढतात. आणि व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, त्यात एनटीएफएसला पिळून काढायला काही उरत नाही. जागा वाचली नाही आणि फाइलीच्या चिंध्या तेवढ्या झाल्या.

चिंध्या फारच वाढल्या तर पुढे आणखी एक भिंत लागते. प्रत्येक तुकड्याचा पत्ता एमएफटीमध्ये (एनटीएफएसच्या फाइलींच्या मुख्य यादीत) लिहावा लागतो, आणि एका फाइलीसाठी ती नोंद ठेवायला मर्यादा आहे. ती ओलांडली की डिस्कवर जागा असूनही फाइल वाढत नाही, ६६५ क्रमांकाची चूक येते. मोठ्या डेटाबेसवाल्यांना ही चांगली परिचयाची आहे.

उपाय डिफ्रॅग नाही, कॉपी. दुसऱ्या, कॉम्प्रेशन नसलेल्या रिकाम्या डिस्कवर ते फोल्डर कॉपी करा. फाइल उघडून दोन-तीन ठिकाणी पाहा. मग मूळ काढा, ड्राइव्हवरची टिक काढा आणि परत आणा. कॉपी होताना फाइल ज्या फोल्डरात जाते त्याचा गुण घेते, म्हणून टिक आधी काढायची. एका फाइलीचे तुकडे मोजायचे तर सिसइंटर्नल्सचं कॉन्टिग आहे, एका ओळीत आकडा देतं आणि तेवढीच फाइल सलगही करून देतं.

कृष्णाकाठ_स्टुडिओ
आज रात्रीच करतो. नवी डिस्क घ्यायचीच आहे, पण आता ती जुनी फेकायला नाही, जोडीला.

रानवाट
माझ्या लॅपटॉपला एसएसडी आहे, मी दर रविवारी डिफ्रॅग करतो. त्यातही अशा न हलणाऱ्या फाइली दाखवतो. काय करू?

मनोहर_बेलापूर
रविवारचा तो कार्यक्रम बंद करा. एसएसडीत हेड नाही, फेरी नाही, तुकड्यामागे लागणारा वेळ नगण्य. उलट लिहिण्याची आवर्तनं खर्च होतात. विंडोज ८ पासून तेच साधन एसएसडी ओळखून तिला ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली ते कळवणारी सूचना) पाठवतं, तेवढं पुरे.

प्राजक्त_वाई
क्लोनझिलाने प्रतिमा झाली, साडेतीन तास लागले. आता हायबरफिल.सिसचं काय करू? सरळ डिलीट होत नाही.

सुतारपक्षी
ती डिलीट करायची नसते, जिच्यासाठी ती आहे ती सोय बंद करायची असते. मशीन हायबरनेट करताना रॅममधला मजकूर या फाइलीत उतरवला जातो. विंडोज ७ मध्ये तिचा आकार रॅमच्या ७५ टक्के, म्हणजे तुमच्याकडे ३ जीबी. शाळेच्या डेस्कटॉपला हायबरनेट लागतच नाही. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून उजवी कळ, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि एच, पुन्हा जागा सोडून ऑफ, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. फाइल आपोआप नाहीशी होते.

हे करून लगेच पुन्हा श्रिंकचा आकडा पाहू नका, कारण २५९ची नोंद एका वेळी एकच नाव देते, सगळ्यात शेवटचं. ते हटलं की मागचं पुढे येतं. म्हणून ओळखीचे तिन्ही अडथळे एकदम उठवा. हायबरफिल झाली, उरलेले दोन असे:

पेजफाइल.सिस. रॅम कमी पडली की विंडोज इथे लिहितं, आणि मशीन चालू असेपर्यंत ती सोडत नाही. सिस्टीम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, व्हर्च्युअल मेमरी. आपोआप ठरवण्याची टिक काढा, सी साठी ‘नो पेजिंग फाइल’ निवडा, सेट म्हणा. हे तात्पुरतं आहे. ४ जीबी रॅमवर ती कायमची बंद ठेवली तर निकालाच्या दिवशी ब्राउझर आणि एक्सेल एकत्र उघडल्यावर मशीन कोलमडेल.

सिस्टीम रिस्टोअरच्या प्रती. सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या कुलूपबंद फोल्डरात त्या असतात, बऱ्याचदा डिस्कभर पसरलेल्या. सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये जाऊन संरक्षण बंद करा आणि जुने बिंदू काढा. मागे जायची ती वाट बंद होते, म्हणून काकांनी सांगितलेली प्रतिमा आधी हवीच होती.

मग एकदा रीस्टार्ट. त्यानंतर श्रिंक.

मनोहर_बेलापूर
माझं वेगळं मत मांडतो. एवढं कशाला? जीपार्टेडचा (पार्टिशन लहानमोठं करायचं साधन) पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून बूट करा, सी ओढून लहान करा, पंधरा मिनिटांत काम. विंडोज चालूच नसल्यामुळे तिथे ‘वापरात आहे’ असं कुठली फाइल म्हणतच नाही. पेजफाइल, जर्नल, अगदी एमएफटीसुद्धा हलवतो तो. माझ्या ऑफिसात मी अशी वीसेक मशीन केली आहेत.

सुतारपक्षी
मनोहरजी, साधन उत्तम आहे, मीही वापरतो. पण ताईंच्याकडे दुपारी वीज जाते. विंडोजच्या आतून फाइल हलवताना प्रत्येक पावलाची नोंद ठेवली जाते, मध्येच बंद पडलं तरी एनटीएफएस सावरतं. बाहेरून पार्टिशन हलवताना तो आधार नसतो, अर्ध्यावर वीज गेली तर डिस्क अर्धीच राहते. दहा मशीन, एक यूपीएस आणि न सापडणारी सीडी, या परिस्थितीत मी आतला मार्ग आधी संपवेन. तो अडला तरच जीपार्टेड, तेही यूपीएसवर आणि प्रतिमा हातात असताना.

मनोहर_बेलापूर
विजेचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, बेलापूरला बसून लिहितोय. मान्य. एक भर घालतो: जीपार्टेड वापरलंच, तर नंतर विंडोज पहिल्यांदा उघडताना स्वतःहून चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका तपासणारा प्रोग्राम) लावेल. तो मुद्दाम लावलेला असतो, कळ दाबून टाळू नका. आणि त्याआधी विंडोज पूर्ण शटडाउन केलेलं हवं, हायबरनेट केलेलं नाही.

कातळशिल्प
हाच मुद्दा पुढे नेतो, कारण या धाग्यावर विंडोज १० वाले येतीलच. तिथे फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते आणि तीसुद्धा याच हायबरफिल.सिसवर चालते. बंद केलेलं मशीन खरं तर अर्धं झोपलेलं असतं. शेजारी लिनक्स टाकलं तर ते विंडोजचा ड्राइव्ह लिहिण्यासाठी उघडायला नकार देतं, आणि तो नकार योग्यच असतो. हायबरनेट बंद केलं की फास्ट स्टार्टअपही जातं.

प्राजक्त_वाई
तिन्ही केलं. आकडा आता ३१,४८० एमबी! सहा हजारांवरून एकतीस हजार. पण ६१,४४० हवेत. २५९ मध्ये आता विचित्र नाव आहे: डॉलरचं चिन्ह, एक्स्टेंड, मग डॉलर यूएसएनजेआरएनएल, पुढे डॉलर जे. ही तर एक्सप्लोररमध्ये दिसतच नाही.

सुतारपक्षी
डॉलरने सुरू होणारी नावं म्हणजे एनटीएफएसच्या स्वतःच्या घरातल्या फाइली. ही बदलांची नोंदवही आहे. कोणती फाइल कधी बनली, बदलली, गेली, याची ओळ इथे पडते. विंडोजचा सर्च आणि काही बॅकअप प्रोग्राम ती वाचतात, म्हणजे त्यांना सगळी डिस्क पुन्हा पुन्हा चाळावी लागत नाही. वही काढून टाकली तर तुमच्या फाइलींना काही होत नाही, सर्चला एकदा सगळं नव्याने चाळावं लागतं एवढंच. वही गरज पडली की पुन्हा तयार होते.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत: एफएसयूटिल, मग यूएसएन, मग डिलीटजर्नल हा एकच शब्द, मग तिरपी रेघ डी, मग सी आणि विसर्गासारखं दिसणारं कोलनचं चिन्ह (:). प्रत्येक शब्दाआधी जागा. चालवण्याआधी दोनदा वाचा. लगेच श्रिंकला जा, मध्ये दुसरं काही उघडू नका, नाहीतर सर्च नवी वही उघडून बसेल.

प्राजक्त_वाई
२,३८,४०० च्या आसपास!! हातपाय गार पडले होते एंटर दाबताना. आता २५९ मध्ये डॉलर एमएफटीएमआयआरआर आहे. हीसुद्धा काढायची का?

सुतारपक्षी
नाही! तिला हात लावू नका. ती एमएफटीच्या पहिल्या काही नोंदींची आरसाप्रत आहे. मूळ नोंदी खराब झाल्या तर ड्राइव्ह तिच्यावरून ओळखला जातो. एक्सपीच्या काळात फॉरमॅट करताना ही प्रत मुद्दाम ड्राइव्हच्या बरोबर मध्यावर ठेवत. म्हणून मी पहिल्या दिवशी एक्सपीबद्दल विचारलं. तुमच्या सी ड्राइव्हच्या एकूण ४,७६,९३७ एमबीचे निम्मे करून पाहा, तुमचा आकडा येतो. नकाशात मध्यावर दिसलेला राखाडी चौकोन हाच.

तुम्हाला ६० जीबी हवेत आणि २३२ मिळताहेत. इथेच थांबा. श्रिंकमध्ये ६१,४४० लिहा, त्याहून एकही एमबी जास्त नको.

आणि सुटलेली जागा तशीच ‘अनअलोकेटेड’ राहू द्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्यावर नवा व्हॉल्यूम करू नका. जुन्या एमबीआर (पार्टिशनची यादी ठेवण्याची जुनी पद्धत) डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन चालतात. कारखान्यातून आलेल्या मशीनवर कधी चारही आधीच भरलेली असतात, आणि पाचवं करायला गेलं की विंडोज डिस्क डायनॅमिक (विंडोजची स्वतःची वेगळी मांडणी) करतो. मग लिनक्स टाकणं फार अवघड होऊन बसतं. मिंटचा इन्स्टॉलर स्वतः पार्टिशन करेल.

प्राजक्त_वाई
झालं. सी आता ४०५ जीबी, शेजारी ६० मोकळे. पेजफाइल परत आपोआपवर ठेवली, सिस्टीम प्रोटेक्शन चालू केलं, रीस्टार्ट केलं, निकालपत्रक उघडून मागच्या वर्षीचा दहावी ‘ब’चा निकाल छापून पाहिला. बरोबर आला. गोठणेकाका, तो कागद हातात आल्यावर पहिली आठवण तुमची झाली.

गोठणे_काका
शाब्बास पोरी. ती प्रतिमा असलेली डिस्क शाळेत ठेवू नकोस, घरी कपाटात ठेव.

मोगरा७
सगळं वाचलं. माझ्या घरच्या मशीनवर डिफ्रॅग झाल्यावरही एका सिनेमाचे ९ तुकडे दाखवतो आणि तरी म्हणतो सगळं ठीक. हीपण न हलणारी आहे का?

सुतारपक्षी
नाही, ती त्याने मुद्दाम सोडली आहे. व्हिस्टापासून विंडोजचं डिफ्रॅग ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्याला तुकडा मानत नाही. ६४ एमबी सलग वाचायला साध्या डिस्कला अर्ध्या सेकंदाच्या पुढेमागे वेळ लागतो, त्यापुढे उडी मारायचे पंधरा मिलिसेकंद जाणवतही नाहीत. नऊ तुकड्यांचा सिनेमा निवांत बघा.

प्राजक्त_वाई
शनिवारचा हिशेब. दहापैकी आठ मशीन झाली. सहा अगदी वर लिहिल्याप्रमाणे. सातवीवर विंडोज ७ कोऱ्या डिस्कवर टाकलेलं होतं, तिथे मध्यावरची अडचण आलीच नाही. आठवीवर सगळं करूनही २२ जीबीच्या पुढे सरकेना, तेव्हा मनोहरजींचा जीपार्टेड वापरला, सकाळी सात वाजता, यूपीएसवर, प्रतिमा काढून. पंचवीस मिनिटं लागली. नंतर चेकडिस्क आपोआप लागला, होऊ दिला.

नववी मात्र वेगळी आहे. श्रिंक म्हटलं की ड्राइव्हवर चुका आहेत, आधी चेकडिस्क करा म्हणतो. चेकडिस्कने खराब सेक्टर दाखवले आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येतो. तिच्यावर ग्रंथालयाची नोंद आहे, सहा हजार पुस्तकांची. पुढे काय करू? पुन्हा एकदा चेकडिस्क लावू का?

सुतारपक्षी
लावू नका. मशीन बंद करा, आत्ता. आवाज करणाऱ्या डिस्कवर डिफ्रॅग, श्रिंक, चेकडिस्क यांतलं काहीही चालवायचं नाही, प्रत्येकात हेड सगळीकडे धावतं. सोमवारी ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि फक्त ग्रंथालयाचं फोल्डर कॉपी करा. तेवढं हाती लागलं की मग बाकीचं. कॉपी मध्येच अडली तर ओढाताण करू नका, इथे लिहा.

कृष्णाकाठ_स्टुडिओ
ताई, माझी व्हिडिओची कॉपी पूर्ण झाली. ४८ जीबीची ती फाइल आता तीन तुकड्यांत आहे, एडिटिंग सुरळीत चालू. माझ्याकडे एक ५०० जीबीची डिस्क रिकामी पडून आहे, तपासलेली, एकही खराब सेक्टर नाही. बुधवारी साताऱ्याला एका साखरपुड्याचं शूटिंग आहे, तिथून वाईला येऊन देतो. सोबत डिस्क जोडायची यूएसबी केबलही आणतो, म्हणजे जुनी डिस्क मशीनच्या आत न बसवता कॉपी करता येईल.

प्राजक्त_वाई
दादा, बुधवारी साडेपाचपर्यंत मी शाळेतच आहे. तोपर्यंत ते मशीन बंदच ठेवते, वर कागद चिकटवला आहे.